हतनूरचे ४१ दरवाजे एका स्लायडरवर: एक्स्प्रेशनने प्रॉपर्टी जोडताना काय करायचं, काय मोडतं

तापीकाठ
पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की भुसावळ-जळगावच्या बातम्यांत तेच ग्राफिक लागतं: किती दरवाजे उघडले, किती उचलले, तापीत विसर्ग किती. ४१ लेयरवर हाताने कीफ्रेम (कुठल्या क्षणी कुठला आकडा याच्या खुणा) लावायच्या, आणि तासाभराने आकडा बदलला की सगळं पुन्हा. हे अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये एक्स्प्रेशनने, म्हणजे प्रॉपर्टीवर लिहिलेल्या छोट्या कोडने, एकदाच नीट बांधून ठेवायचं आहे. धरण समोरून दिसतंय, प्रत्येक दरवाजा वेगळ्या लेयरवर, आणि एका नलवर (चित्रात न दिसणारा, फक्त नियंत्रणाचा लेयर) स्लायडर. स्लायडरवर १७ टाकलं की १७ दरवाजे वर, १७.५ टाकलं की अठरावा अर्धा. खालचा पाण्याचा पडदाही आपापल्या दरवाज्याबरोबर दिसला पाहिजे.

नुसता पिक व्हिप (एका प्रॉपर्टीवरून दुसरीवर ओढून जोडणी करायची दोरी) ओढला तर सगळे दरवाजे एकदम हलतात. प्रत्येक लेयरला आपला नंबर कसा कळवायचा? अशा जोडण्या पुढे कुठे मोडतात तेही लिहा, म्हणजे धागा सगळ्यांच्याच कामी येईल.

कोडमधली नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहू या. सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच ते इंग्रजीत टाइप करायचे.

यार्डवाला_भुसावळ
नल लेयर घ्या, नाव ठेवा "नियंत्रण". इफेक्ट मेनूतल्या एक्स्प्रेशन कंट्रोल्समधून स्लायडर कंट्रोल लावा आणि त्या इफेक्टचं नाव बदलून "उघडे" करा. आता एका दरवाज्याच्या पोझिशनवर राइट क्लिक करून सेपरेट डायमेन्शन्स. वाय पोझिशनच्या स्टॉपवॉचवर ऑल्ट दाबून क्लिक (मॅकवर ऑप्शन) आणि हे लिहा:

न = इंडेक्स - धिसकॉम्प.लेयर("नियंत्रण").इंडेक्स;
स = धिसकॉम्प.लेयर("नियंत्रण").इफेक्ट("उघडे")(१).व्हॅल्यू;
व्हॅल्यू - लिनिअर(स, न - १, न, ०, १२०);

सगळी गंमत लिनिअरमध्ये आहे. स्लायडर न - १ च्या खाली असेल तर उत्तर ०, न च्या वर गेला तर १२०, आणि मधल्या एका घरात ० ते १२० असं सरकतं. दोन्ही टोकांना ते आपोआप अडतं, वेगळी अट लिहावी लागत नाही. म्हणून १७.५ ला पहिले सतरा पूर्ण वर, अठरावा ६० पिक्सेल वर आणि बाकीचे जागेवर. वजाबाकी का, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये वाय खाली जाताना वाढतो. आणि सुरुवातीचं "व्हॅल्यू" विसरू नका. ते म्हणजे एक्स्प्रेशन लागण्याआधीची तुमची हाताने ठेवलेली जागा. ते गाळलं तर सगळे दरवाजे स्क्रीनच्या माथ्यावर जाऊन बसतील.

गिरणाकाठी
यार्डवालाभाऊ, लिनिअर अगदी बरोबर, पण नंबर इंडेक्सवरून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. कंट्रोल-डी ने डुप्लिकेट केलं की नवीन लेयर जुन्याच्या वर येतो. म्हणजे "दरवाजा 41" सगळ्यात वर, आणि इंडेक्सच्या हिशोबाने तोच पहिला. क्रम उलटा. शिवाय मध्ये कोणी लोगोचा किंवा सावलीचा लेयर टाकला की त्याखालच्या सगळ्या दरवाज्यांचा नंबर एकाने पुढे सरकतो. ना एरर येत, ना इशारा. ग्राफिक नुसतं चुकीचं दिसतं आणि तसंच ऑन एअर जातं.

नंबर नावातून घ्या:

न = पार्सइंट(धिसलेयर.नेम.स्प्लिट(" ")[१]);

पहिल्या लेयरचं नाव "दरवाजा 1" ठेवलं की डुप्लिकेट करताना पुढचे आकडे सॉफ्टवेअर स्वतः वाढवतं. शब्द देवनागरीत चालेल, आकडा मात्र इंग्रजीच हवा. "दरवाजा १" लिहिलं तर पार्सइंटला तो आकडा वाटतच नाही आणि सगळं गणित कोसळतं.

आडवी मांडणीही त्याच नंबरवरून होते. एक्स पोझिशनला १६० + (न - १) * ४० लिहा. १९२० च्या फ्रेममध्ये पहिला दरवाजा १६० वर, एकविसावा बरोबर मध्ये ९६० वर, शेवटचा १७६० वर. अलाइन पॅनेल उघडायलाच नको.

केळीची_बाग
४१ लेयर कशाला? शेप लेयरवर एक दरवाजा काढा आणि रिपीटर लावा, कॉपीज ४१.

गिरणाकाठी
रिपीटरच्या सगळ्या प्रती एकाच आकाराच्या असतात. प्रत्येक प्रतीला वेगळा स्लायडर-हिशोब देता येत नाही. ट्रान्सफॉर्म फक्त पायरीपायरीने वाढतो. धरणाचे खांब रिपीटरने काढा, ते उत्तम. दरवाजे वेगळेच लागतील.

केळीची_बाग
पटलं. खांब रिपीटरने, दरवाजे लेयरने.

यार्डवाला_भुसावळ
गिरणाकाठींचा नावाचा मुद्दा मान्य, माझ्या प्रतिसादातली पहिली ओळ त्यांच्या ओळीने बदला. इंडेक्स मी ठेवेन तो तात्पुरत्या कामात, जिथे लेयर हलणार नाहीत.

पाण्याच्या पडद्याबद्दल: पडदा दरवाज्याला पेरेंट करू नका (म्हणजे त्याच्या हालचालीला बांधू नका), नाहीतर पाणीही दरवाज्याबरोबर वर चढेल. पडद्याचा लेयर "पाणी 1" या नावाने वेगळा ठेवा आणि ओपॅसिटीला तेच लिनिअर द्या, फक्त शेवटचे दोन आकडे ० आणि १००. इथे "व्हॅल्यू -" नको.

सेपरेट डायमेन्शन्स केलं नसेल तर पोझिशन ही दोन आकड्यांची जोडी असते. तिथे एकच आकडा परत दिला तर कॉम्पच्या (कॉम्पोझिशन, म्हणजे सगळे लेयर असलेली चौकट) खाली नारिंगी पट्टी येते आणि कुठल्या लेयरच्या कुठल्या ओळीत गडबड आहे ते सांगते. तेव्हा असं लिहा: [व्हॅल्यू[०], व्हॅल्यू[१] - लिनिअर(स, न - १, न, ०, १२०)]. रोटेशन आणि ओपॅसिटी एका आकड्याच्या, पोझिशन आणि स्केल दोन किंवा तीन आकड्यांच्या. स्केलवरून रोटेशनला पिक व्हिप ओढला तर सॉफ्टवेअर स्वतःच टेम्प नावाचं व्हेरिएबल करून [टेम्प, टेम्प] लिहितं, ते यासाठीच.

चोपडेकर_ताई
इफेक्टनंतर कंसात १ का लिहिलाय ते नव्या लोकांसाठी सांगते. पिक व्हिप ओढल्यावर तिथे "स्लायडर" हे इंग्रजी नाव येतं. तीच फाइल दुसऱ्या भाषेत चालणाऱ्या आफ्टर इफेक्ट्सवर उघडली की ते नाव सापडत नाही आणि जोडणी तुटते. १ म्हणजे त्या इफेक्टची पहिली प्रॉपर्टी. ती कुठल्याही भाषेत पहिलीच राहते.

स्लायडर इफेक्ट कंट्रोल्समध्ये ० ते १०० असा दिसतो. त्यावर राइट क्लिक करून एडिट व्हॅल्यूमध्ये जा आणि पट्टी ० ते ४१ करा. घाईत काम करणाऱ्याची पट्टी ओढताना ४१ च्या पुढे जात नाही; आकडा टाइप करून मात्र ५२ टाकता येतो, तेवढं लक्ष ठेवा.

तापीकाठ
बसलं! नावावरून नंबर, लिनिअर, सगळं चाललं. आता दोन गोष्टी. एक, दरवाजे डावीकडून ओळीने उघडण्याऐवजी मधून दोन्हीकडे उघडायचे असतील तर? दोन, कधी बातमी असते की सगळे दरवाजे फक्त अर्धा मीटर उघडले. उचल वेगळी हवी.

यार्डवाला_भुसावळ
मधला दरवाजा एकविसावा. न वापरण्याआधी त्याचा "क्रम" काढा:

क्रम = (न > २१) ? २ * (न - २१) : २ * (२१ - न) + १;

एकविसावा १, बाविसावा २, विसावा ३, तेविसावा ४ असं दोन्ही हातांनी जात एक्केचाळिसावा ४० आणि पहिला ४१ व्या क्रमावर येतो. लिनिअरमध्ये न च्या जागी क्रम घाला. प्रत्यक्ष दरवाजे ज्या क्रमाने उघडले तोच दाखवायचा असेल तर सूत्राच्या मागे लागू नका. ४१ आकड्यांची यादी चौकोनी कंसात लिहा आणि यादी[न - १] घ्या. मोजणी शून्यापासून असते म्हणून वजा एक.

उचलीसाठी दुसरा स्लायडर, नाव "उचल", मीटरमध्ये. चित्रात एक मीटर म्हणजे किती पिक्सेल ते ठरवा, समजा ६०. मग लिनिअरच्या शेवटच्या १२० च्या जागी उचल * ६०. अर्ध्या मीटरला ३० पिक्सेल. दोन्ही स्लायडर एकमेकांना न अडवता चालतात.

पांझरा_धुळे
बाजूचा छेद दाखवणार असाल तर थोडं वेगळं. वक्राकार दरवाजा वर सरकत नाही, खिळीभोवती फिरतो. पॅन बिहाइंड टूलने अँकर पॉइंट खिळीवर न्या आणि तेच लिनिअर रोटेशनला लावा, पिक्सेलऐवजी अंशांत.

शहादेकर
थोडं अवांतर. सारंगखेड्याच्या यात्रेच्या जाहिरातीसाठी टांगा चालवायचा आहे. चाकं आणि टांगा यांचा मेळ बसत नाही, चाक घसरल्यासारखं दिसतं.

पांझरा_धुळे
चाकाचं फिरणं कीफ्रेमने करूच नका, अंतरावरून काढा. चाकाच्या रोटेशनला:

(अंतर / (मॅथ.पीआय * व्यास)) * ३६०

व्यास १६० पिक्सेल असेल तर घेर सुमारे ५०२.६५. टांगा १००० पिक्सेल पुढे गेला की चाक जवळपास ७१६ अंश, म्हणजे दोन फेऱ्यांना जरा कमी. अंतर म्हणजे टांग्याची आत्ताची एक्स पोझिशन वजा सुरुवातीची. चाक टांग्याला पेरेंट केलेलं असतं, त्यामुळे चाकाची स्वतःची पोझिशन कधीच बदलत नाही. ती पेरेंटच्या हिशोबातली असते. आकडा टांग्याच्या लेयरचा घ्यायचा. आणि व्यास स्क्रीनवर दिसतो तो. लेयर ५० टक्के स्केलवर असेल तर मूळ चित्राचा व्यास निम्मा करा. चाक घसरतं ते बहुतेक इथेच. टांगा उजवीकडून डावीकडे जात असेल तर अंतर वजा येतं आणि चाक आपोआप उलटं फिरतं, काही बदलायला नको.

पेरेंट केलेल्या लेयरची खरी स्क्रीनवरची जागा हवी असेल, समजा चाकाखाली धूळ उडवायची आहे, तर पोझिशन वाचू नका. चाकाच्या लेयरवर टूकॉम्प वापरा आणि कंसात त्याचा अँकर पॉइंट द्या.

शहादेकर
चाक जमिनीला चिकटलं. हाई तं भलतंच कामनं शे भाऊ!

रावेरची_माती
मूळ ग्राफिकवर येतो. विसर्गाचा आकडा मराठीत धावता दाखवायचा असेल तर टेक्स्ट लेयरच्या सोर्स टेक्स्टला (इथे स म्हणजे विसर्गाच्या वेगळ्या स्लायडरचा आकडा):

अंक = "०१२३४५६७८९";
स्ट्रिंग(मॅथ.राउंड(स)).स्प्लिट("").मॅप(क => अंक[क] || क).जॉइन("");

पहिल्या ओळीतले दहा अंक मात्र खरोखर देवनागरीतच लिहायचे. प्रत्येक इंग्रजी अंक त्या ओळीतलं आपलं घर शोधतो. "|| क" मुळे स्वल्पविराम किंवा वजाचं चिन्ह असेल तर ते तसंच पुढे जातं. स्वल्पविराम आधी घाला, अंक नंतर बदला: शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे, उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोन. हजाराला तीन-तीन पाडणारे तयार कोड नेटवर भरपूर मिळतात, पण १,२५,००० चं १२५,००० झालं तर आपल्या वाचणाऱ्याला ते अडखळतं.

जलसंपदाच्या निवेदनात विसर्ग कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असतो. १ क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक, तो गुणाकार एक्स्प्रेशनमध्येच करून टाका. स्लायडरची कमाल मर्यादा १० लाख आहे.

मॅप आणि बाणाचं लिखाण फक्त नव्या जावास्क्रिप्ट इंजिनात चालतं, म्हणजे २०१८ च्या १६.० आवृत्तीपासून पुढे. जुना प्रोजेक्ट उघडला असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमधला एक्स्प्रेशन्स टॅब बघा. तिथे लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्ट असेल तर ही ओळ एरर देईल.

चोपडेकर_ताई
रावेरचं वाचून पट्टीचं आठवलं. नावाच्या मागची पट्टी मजकुराएवढी आपोआप लांब व्हावी म्हणून सगळे सोर्सरेक्टअ‍ॅटटाइम वापरतात. रुंदीला ते उत्तम. उंचीला मराठीत फसवतं. "यावल" आणि "मुक्ताईनगर" यांची उंची वेगळी येते, कारण ते फक्त दिसणाऱ्या अक्षरांचा चौकोन मोजतं. वर वेलांटी, रफार, मात्रा आली की चौकोन वर वाढतो, खाली उकार आला की खाली. गाव बदललं की पट्टी उड्या मारते.

म्हणून रुंदी मोजून घ्या, उंची ठरीव ठेवा:

र = धिसकॉम्प.लेयर("गाव").सोर्सरेक्टअ‍ॅटटाइम();
[र.विड्थ + ८०, ११०]

हे शेप लेयरमधल्या रेक्टँगलच्या साइजला लावायचं, लेयरच्या स्केलला नाही; स्केलला लावलं तर गोल कोपरे ताणले जातात. ८० म्हणजे दोन्ही बाजूंना ४०-४० ची मोकळी जागा. ११० तुमच्या फॉन्टप्रमाणे; "र्की" आणि "त्रू" एकत्र लिहून ज्या उंचीत दोन्ही मावतात ती धरा.

जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा. आणि अक्षरागणिक येणारं टेक्स्ट अ‍ॅनिमेशन मराठीत टाळा; बेस्ड ऑनमध्ये वर्ड्स ठेवा, नाहीतर मात्रा अक्षरापासून सुटी येते.

केळीची_बाग
पाणी हलतं दिसावं म्हणून टर्ब्युलंट डिस्प्लेसच्या इव्होल्यूशनला टाइम * वेग असं जोडलं, वेग स्लायडरवर. विसर्ग कमी करताना वेग उतरवला की पाणी उलटं वाहतं! हे का होतं?

गिरणाकाठी
फार महत्त्वाचा प्रश्न, आणि ट्यूटोरियलमध्ये हे सहसा सांगत नाहीत. टाइम * वेग म्हणजे "सुरुवातीपासून आत्ताचाच वेग होता" असं गृहीत धरणं. दहाव्या सेकंदाला वेग ६० असेल तर उत्तर ६००. अकराव्या सेकंदापर्यंत वेग २० केला तर उत्तर २२०. म्हणजे त्या एका सेकंदात इव्होल्यूशन ३८० अंश मागे गेलं. विगलची (लेयर आपोआप थरथरवणारं फंक्शन) फ्रिक्वेन्सी स्लायडरला जोडून कीफ्रेम केली तर नेमकं हेच होतं, लेयर पिसाटासारखा थरथरतो. विगलचा दुसरा आकडा, म्हणजे किती हलायचं तो, खुशाल जोडा. त्याला हा त्रास नाही.

उपाय म्हणजे वेगाची बेरीज करत जाणं. नलवर "प्रवाह" नावाचा तिसरा स्लायडर घ्या, त्यात फॉर लूप लावा: शून्यापासून टाइमपर्यंत धिसकॉम्प.फ्रेमड्युरेशनच्या पावलांनी जायचं, दर पावलाला वेगाचं व्हॅल्यूअ‍ॅटटाइम घेऊन फ्रेमड्युरेशनने गुणायचं आणि बेरजेत टाकायचं. मग पाणी मंदावतं, पण मागे जात नाही.

पण याची किंमत आहे. २५ फ्रेमच्या कॉम्पमध्ये एका मिनिटाच्या शेवटी एका फ्रेमसाठी १५०० वेळा वाचन. हा लूप ४१ पडद्यांवर कधीच चिकटवू नका. एकदा नलवर, आणि बाकीच्यांनी फक्त "प्रवाह" वाचायचा. वेग पक्का झाला की "प्रवाह" निवडून अ‍ॅनिमेशन मेनू, कीफ्रेम असिस्टंट, कन्व्हर्ट एक्स्प्रेशन टू कीफ्रेम्स. एक्स्प्रेशन पुसलं जात नाही, बंद होऊन राहतं. पुढच्या बातमीला परत चालू करता येतं.

यार्डवाला_भुसावळ
+१. तसंच लाटेसारखी रांग करताना प्रत्येक लेयर आपल्या वरच्या लेयरचं मागचं मूल्य वाचतो अशी साखळी लोक लावतात. चाळिसावा लेयर एकोणचाळिसाव्याला विचारतो, तो अडतिसाव्याला, असं वरपर्यंत. सगळ्यांनी थेट पहिल्यालाच विचारावं, उशीर फक्त नंबरने गुणून: व्हॅल्यूअ‍ॅटटाइम(टाइम - न * ०.०८). दिसतं जवळपास तसंच, प्रिव्ह्यू कितीतरी हलका.

अमळनेरी
ज्यांच्याकडे अडोबीचं सबस्क्रिप्शन नाही त्यांनी काय करायचं? तालुक्याच्या ठिकाणचे यूट्यूब चॅनेल बहुतेक डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर आहेत.

रावेरची_माती
डाविंचीच्या फ्युजनमध्ये हे सगळं फुकट होतं. आकड्याच्या घरात बरोबरचं चिन्ह टाइप करून एंटर मारा, खाली एक्स्प्रेशनची ओळ उघडते. तीन फरक पक्के ध्यानात ठेवा. तिथे टाइम सेकंदात नाही, फ्रेममध्ये येतो. सेंटरची जागा पिक्सेलमध्ये नाही, ० ते १ मध्ये असते, आणि वाय वर जाताना वाढतो; म्हणजे दरवाजा उचलायला अधिक. लिनिअर नाही, त्याच्या जागी मिन(मॅक्स(स - न + १, ०), १) लिहा आणि उचलीने गुणा. सेंटरला परत देताना पॉइंट(एक्स, वाय) असं गुंडाळून द्यावं लागतं.

पांझरा_धुळे
ब्लेंडरही आहे. घरावर माउस ठेवून कंट्रोल-डी, घर जांभळं झालं की ड्रायव्हर (तिथलं एक्स्प्रेशन) लागला. गणित वरचंच, तिथे क्लॅम्प(स - न + १, ०, १) चालतं. फक्त रोटेशन ड्रायव्हरमध्ये रेडियनमध्ये जातं. ९० लिहिलं तर ९० अंश नाहीत, चौदा फेऱ्यांच्या वर होतात.

अमळनेरी
धन्यवाद. अर्धा मीटर उचललेले ४१ दरवाजे फ्युजनमध्ये जमले. ४१ वेळा हाताने कीफ्रेम लावणाऱ्या मंडळींना भरीत-भाकरीचं आमंत्रण, तेवढा वेळ आता वाचलाय.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार, ग्राफिक चालू आहे. शेवटचा प्रश्न. हाच कॉम्प डुप्लिकेट करून अक्कलपाड्यासाठी वापरायचा आहे. डुप्लिकेटमधले दरवाजे हतनूरच्याच स्लायडरवर हलतायत. असं का?

गिरणाकाठी
त्यातली एखादी जोडणी कॉपी विथ प्रॉपर्टी लिंक्सने आली असेल, किंवा दुसऱ्या कॉम्पमधून पिक व्हिप ओढला असेल. तेव्हा कोडमध्ये धिसकॉम्पऐवजी कॉम्प("हतनूर") असं नाव येतं, आणि कॉम्प कितीही वेळा डुप्लिकेट केला तरी ते जुन्याकडेच बोट दाखवतं. डुप्लिकेटमध्ये सगळे लेयर निवडून ई दोनदा दाबा, सगळी एक्स्प्रेशन उघडतील. नाहीतर थेट टाइमलाइनच्या शोधपट्टीत शोधा आणि जिथे कॉम्प("हतनूर") दिसेल तिथे धिसकॉम्प करा. पुढच्या वेळी कॉपी विथ रिलेटिव्ह प्रॉपर्टी लिंक्स वापरा.

दरवाज्यांची संख्याही कोडमध्ये ठोकलेली नको. "एकूण" नावाचा स्लायडर ठेवा आणि मधला दरवाजा मॅथ.सील(एकूण / २) वरून काढा. एकूण सम असेल तर यार्डवालांचं सूत्र तसंच चालतं; फक्त शेवटचा क्रम उजव्या टोकाला संपतो. एकूणपेक्षा मोठा नंबर असलेल्या लेयरची ओपॅसिटी न > एकूण ? ० : १०० ने झाकून टाका, म्हणजे ४१ लेयरचाच साचा लहान धरणालाही चालेल.

तापीकाठ
एका दरवाज्यात कॉम्प("हतनूर") सापडलं, बाकीचे त्याच्याच प्रती होते. बदललं, चाललं. "एकूण" स्लायडर लावून साचा आज रात्री फाइलसकट इथे टाकतो.

चोपडेकर_ताई
टाकण्याआधी कलेक्ट फाइल्स करा आणि मराठी फॉन्टचं नाव पोस्टमध्ये लिहा. फॉन्ट बदलला तर पट्टीची ती ११० ची उंची पुन्हा बघावी लागेल.